कातर आणि इस्त्री

मॉड्यूलर सिंथेसायझर या विजेच्या वाद्यावर प्रत्यक्ष वाजविलेल्या संगीताचीं ध्वनिमुद्रणें हल्लीं मोठ्या संख्येनें प्रसिद्ध होत असतात, आणि त्यांजबरोबर एक वादहि प्रसिद्ध होत असतो. एका पक्षाच्या वेष्टनावर अभिमानानें छापलेलें असतें कीं, या मुद्रणास संगणकाचा स्पर्श झालेला नाहीं. दुसऱ्या पक्षाचे लोक असें कांहींच छापीत नाहींत. ते आपलें मुद्रण मुकाट्यानें संगणकांत घालतात, त्यांतील खरखर पुसतात, डळमळणारे स्वर ठाकठीक करतात, ठोके सारख्या अंतरावर बसवितात, आणि मग त्यावर 'प्रत्यक्ष वादन' अशी चिठ्ठी डकवून तें बाजारांत पाठवितात. पहिल्या पक्षाचें सोंवळें आणि दुसऱ्या पक्षाची सफाई हीं दोन्हीं आम्हांस सारखींच त्याज्य वाटतात. संगणकाची कातर या कलेस हवीच आहे. संगणकाची इस्त्री मात्र तिच्या जिवावर उठलेली आहे. आणि या दोहोंतील भेद न ओळखल्यामुळें चोर सोडून संन्याशाला फांशी देण्याचा प्रकार चालला आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें सकारण मांडण्याचा येथें विचार आहे.

ज्या वाचकांनीं हें वाद्य पाहिलेलें नाहीं, त्यांच्यासाठीं त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. १९६३-६४ च्या सुमारास अमेरिकेच्या पूर्व भागांत रॉबर्ट मूग आणि पश्चिमेस सॅन फ्रान्सिस्को येथें डॉन बुक्ला या दोघांनीं स्वतंत्रपणें जवळजवळ एकच कल्पना अमलांत आणली. ती अशी कीं, स्वर उत्पन्न करणारा ऑसिलेटर, त्या स्वराचा रंग बदलणारा फिल्टर, आवाज चढविणारा-उतरविणारा ॲम्प्लिफायर, हीं सर्व खणाखणांतून बसविलेलीं स्वतंत्र यंत्रें असावींत, आणि एकानें दुसऱ्यास विद्युद्दाबाच्या भाषेंत आज्ञा करावी. कोणीं कोणास आज्ञा करावयाची, हें वादक तारा जोडून ठरवितो. मूगच्या पद्धतींत दाब एक व्होल्टनें वाढला कीं स्वर एक सप्तक चढतो. म्हणजे व्होल्टच्या अवघ्या शंभराव्या भागानेंहि तो अर्धस्वराच्या सुमारें आठव्या हिश्शानें सरकतो. खोलींतील उष्मा वाढला तरी जुन्या यंत्रांचा स्वर ढळत असे. पुढें १९९५ च्या सुमारास जर्मनींतील डीटर डोप्फर यांनीं अशा यंत्रांसाठीं जें लहान माप रूढ केलें, त्यामुळें हें वाद्य विद्यापीठांच्या आणि मोठ्या स्टुडिओंच्या दालनांतून निघून हौशी माणसाच्या मेजावर आलें.

या वाद्याचा एक स्वभाव नीट ध्यानांत ठेवला पाहिजे, कारण आमचा सर्व वाद त्यावरच उभा आहे. या वाद्यास बहुतांशीं स्मृति नाहीं. तारा उपटल्या कीं ती रचना संपली. बटनें काल जेथें होतीं तेथें आज पुन्हां नेऊन ठेवलीं, तरी कालचेंच संगीत जसेंच्या तसें उमटेल अशी हमी खुद्द वादकहि देऊं शकत नाहीं. त्या संगीताची लिहिलेली स्वरलिपि सहसा नसते, गुरुमुखानें चालत आलेली बंदिश नसते. म्हणून अशा वादनाचें ध्वनिमुद्रण म्हणजे त्याची एकमेव पोथी होय. ती बिघडली तर दुसरी प्रत कोठेंहि मिळावयाची नाहीं.

आतां प्रथम सोंवळ्या पक्षाकडे वळूं. विजेच्या प्रवाहांतून थेट निघालेलें संगीत जिवंत, आणि तेंच संगणकांत शिरलें कीं मेलें, असें त्यांचें म्हणणें. ऐकावयास हें मोठें गोड लागतें. परंतु या कलेचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. पिएर शेफेर यांनीं १९४८ सालीं पॅरिस येथें आगगाड्यांच्या आवाजांची जी प्रसिद्ध रचना केली, ती तबकड्यांवर मुद्रित केलेले आवाज तोडून-जोडूनच केली. मॉर्टन सबॉट्निक यांनीं १९६७ सालीं बुक्लाच्या यंत्रावर 'सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून' रचलें, तें सभागृहांतील श्रोत्यांसाठीं नसून तबकडीच्या दोन बाजूंसाठींच रचलें होतें. १९६८ सालीं वेंडी कार्लोस यांच्या ज्या तबकडीनें मूगचें नांव घरोघर पोंचविलें, ती बाखच्या रचनांची तबकडी एका बैठकींत वाजविलेली मुळींच नाहीं. तें यंत्र एका वेळीं एकच स्वर काढी. म्हणून एकेक पदर निराळा वाजवून आठ मार्गांच्या फितीवर थरावर थर चढवावे लागले. एलियान रादिग यांनीं एआरपी २५०० या यंत्रावर केलेल्या दीर्घ रचना फितींवरील लांबलचक ध्वनि एकमेकांत अलगद मिसळून सिद्ध झाल्या आहेत. तात्पर्य, हें वाद्य जन्मल्या दिवसापासून कातरीच्या संगतींत वाढलेलें आहे. फितीला पातें लावणारा हात पवित्र, आणि तेंच काम संगणकाच्या पडद्यावर करणारा हात भ्रष्ट, हा कोठला न्याय?

शिवाय या मंडळींचें सोंवळें टिकतें तरी कोठवर? मुद्रण ज्या क्षणीं दर सेकंदास ४४,१०० मोजमापांत विभागून अंकांत उतरविलें जातें, त्या क्षणींच संगणकाचा स्पर्श त्यास झालेला असतो. पुढें तें श्रोत्याच्या घरीं जाऊन पोंचतें तेंहि बहुधा संगणकाच्याच वाटेनें. ज्या दारानें पाहुणा आंत आला त्याच दारावर 'येथून कोणी आलेलें नाहीं' अशी पाटी लावण्यासारखाच हा प्रकार म्हटला पाहिजे. फितीवर मुद्रण करून काळ्या तबकडीवरच तें विकणारे कांहीं निष्ठावंत आहेत, त्यांस हा आक्षेप लागू नाहीं, हें आम्ही मान्य करतों. पण त्यांच्याहि निष्ठेनें संगीत चांगलें झालें असें सिद्ध होत नाहीं. फार तर तें महाग झालें असें सिद्ध होतें.

कातरीचें काम काय, हेंहि सांगितलें पाहिजे. वादक दोन तास वाजवितो. त्यांतील बराच वेळ तारा बदलण्यांत, यंत्राची नाडी पाहण्यांत, चुकलेली वाट सोडून नवी धरण्यांत जातो. आणि मध्येंच दहा मिनिटें अशीं येतात कीं, यंत्र आणि माणूस एकमेकांस बोलते करतात. तीं दहा मिनिटें ओळखून उचलणें हें निवडीचें काम आहे, आणि निवड हा सर्व कलांचा अर्धा भाग आहे. कवि आपल्या वहींतील शंभर ओळींतून बारा ठेवतो, तेव्हां त्यास कोणी लबाड म्हणत नाहीं. तसेंच, एखादा रचनाकार एका सेकंदाचा ध्वनि मिनिटभर ताणील, त्याचे सूक्ष्म कण करून ते पुन्हां विखरील, किंवा पॅरिसच्या इर्काम संस्थेंत १९८० नंतरच्या दशकांत मिलर पकेट यांनीं सिद्ध केलेल्या 'मॅक्स'सारख्या साधनानें संगणकास वादकाच्या जोडीला बसवील, तर त्यासहि आमची हरकत नाहीं. तेथें संगणक हें उघडपणें दुसरें वाद्य आहे, आणि तो आपलें तोंड लपवीत नाहीं. बीजाचें झाड झालें तर बीजाचा कोणी खून केला असें आपण म्हणत नाहीं.

इस्त्रीची गोष्ट निराळी. कातर कोणता भाग ठेवावयाचा तें ठरविते, परंतु ठेवलेल्या भागाचा धागा बदलत नाहीं. इस्त्री एकहि भाग टाकीत नाहीं, परंतु प्रत्येक भाग बदलून ठेवते, आणि बदल दिसूं नये हेंच तिचें कसब असतें. अशा इस्त्र्या मुख्यतः तीन आहेत.

पहिली खरखरीवर फिरते. तिची रीत अशी: वादक थांबलेला आहे असा एखादा क्षण सॉफ्टवेअरला दाखवावयाचा, त्या क्षणींच्या आवाजांत कोणकोणतीं आंदोलनें किती प्रमाणांत आहेत याचा हिशेब तें मांडतें, आणि मग तोच हिशेब साऱ्या मुद्रणांतून वजा करीत जातें. सतारीच्या किंवा व्याख्यानाच्या मुद्रणांत ही युक्ति बरी, कारण तेथें सतार कोणती व फितीची खरखर कोणती हें शेंबडें पोरहि सांगेल. परंतु सिंथेसायझरमध्यें खरखर हें एक वाद्यच असतें! मूग व बुक्ला या दोघांच्याहि यंत्रमालिकेंत खरखर उत्पन्न करण्यासाठीं मुद्दाम केलेला स्वतंत्र भाग होता. तीच गाळून वादक वारा, लाट आणि झांजेचा फटकारा निर्माण करतो. जेथें मळ आणि माल एकाच वाणाचे, तेथें धुणाऱ्यानें निवड कशी करावी? तो दोन्ही धुऊन टाकतो, आणि मागें पाण्याखालून आल्यासारखी एक बारीक किलबिल ठेवून जातो. ती किलबिल वादकानें वाजविलेली नसते, यंत्रानें काढलेली नसते. ती त्या वजाबाकीची करणी असते. करावयास गेले गणपति आणि झाला मारुति, तो असा.

दुसरी इस्त्री स्वरावर फिरते. अँडी हिल्डेब्रँड हे पूर्वीं तेलाच्या शोधासाठीं भूगर्भांतील लहरींचें गणित करीत असत. त्याच विद्येच्या बळावर त्यांनीं १९९७ सालीं 'ऑटो-ट्यून' हें सॉफ्टवेअर बाजारांत आणलें. गायकाचा ढळलेला स्वर ओळखून तो जवळच्या नेमक्या स्वरावर नेऊन ठेवणें हें त्याचें काम. २००९ पासून तर 'मेलोडाइन' या सॉफ्टवेअरनें एकत्र वाजणाऱ्या स्वरांतूनहि एकच स्वर वेगळा काढून सरकविण्याची सोय झाली. या शोधांमागील बुद्धीस आमचा नमस्कार आहे. परंतु त्यांच्या मुळाशीं एक गृहीत आहे: कलावंताच्या मनांत एक ठराविक स्वर होता आणि तो त्यास साधला नाहीं. बुक्ला यांनीं आपल्या पहिल्या यंत्रास पियानोची काळी-पांढरी पेटी लावण्याचें टाळलें, तें हें गृहीत नको होतें म्हणूनच. जेथें बारा स्वरांची चौकटच मान्य नाहीं, तेथें 'जवळचा स्वर' तो कोणता?

आणि ढळणें हाच जेथें अर्थ आहे, तेथें तर ही इस्त्री घातच करते. दोन ऑसिलेटर जवळजवळ एका स्वरांत लावले, एकाचीं आंदोलनें सेकंदास २२० आणि दुसऱ्याचीं २२०.५ असलीं, तर दर दोन सेकंदांस एकदां आवाज भरतो आणि ओसरतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळत येतांना जी मंद लाट उठते, ती ज्यानें लक्ष देऊन ऐकली आहे त्यास हें निराळें सांगावयास नको. रादिग यांच्या रचनांत अशा लाटांचें वाढणें-मंदावणें हेंच सारें नाट्य आहे. दोन्ही स्वर 'शुद्ध' करा, म्हणजे २२० वर आणून बसवा. लाट निमाली, आणि तिजबरोबर संगीतहि निमालें. कानाला बोचणारें कांहीं उरलें नाहीं, आणि ऐकण्यासारखेंहि उरलें नाहीं.

तिसरी इस्त्री काळावर फिरते. सॉफ्टवेअर मुद्रणांतील ठोके हुडकतें, त्यांवरून एक सरासरी लय कल्पितें, आणि प्रत्येक ठोका त्या लयीच्या चौकटींत ओढून बसवितें. ठोक्यांमधला आवाज त्यासाठीं ताणला किंवा आवळला जातो. नाचण्यासाठीं केलेल्या संगीतास ही शिस्त कदाचित् मानवेल. परंतु मॉड्यूलर यंत्रांत ठोके देणारें घड्याळहि विद्युद्दाबाच्याच हुकमतींत असतें. वादक त्यास दुसऱ्या यंत्राच्या ताब्यांत देतो, आणि मग लय हळूहळू धांवते, अडखळते, एखाद्या दमलेल्या चालणाऱ्यासारखी थांबून पुन्हां निघते. ही अडखळ म्हणजे वादनाचा श्वास. तो सारखा करणारें सॉफ्टवेअर काय करतें, हें सांगावयास वैद्य नको.

या तीन्ही इस्त्र्यांचा दोष एकच आहे. शुद्ध म्हणजे काय याची तयार कल्पना त्या दुसऱ्या कोठल्यातरी संगीतावरून उसनी घेऊन येतात, आणि ज्या संगीतानें ती कल्पना नाकारण्यासाठींच जन्म घेतला त्याच्यावर ती लादतात. संगणकाचा यांत कांहीं अपराध नाहीं. अपराध त्या माणसाचा, ज्यानें 'सुधारा' असें लिहिलेलें बटन दाबण्यापूर्वीं काय बिघडलें आहे हें विचारलें नाहीं.

हा वाद परक्या देशांतील हौशी लोकांपुरता आहे असें ज्यांस वाटेल, त्यांनीं अहमदाबादकडे पाहावें. तेथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेंत १९६९ सालीं मूगचा सिंथेसायझर आला आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साह्यानें तेथें एक स्टुडिओ उभा राहिला. १९४६ सालीं न्यूयॉर्क येथें जॉन केज यांस हिंदुस्थानच्या संगीताचे पाठ देणाऱ्या गीता साराभाई, तसेंच अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनीं त्या स्टुडिओंत काम केलें. पुढें त्या फिती संस्थेच्या संग्रहांत विस्मृत होऊन पडल्या. ब्रिटनमधील संगीतकार पॉल पर्गस यांच्या शोधामुळें त्या पुन्हां उजेडांत आल्या, आणि १९६९ ते १९७२ या काळांतील निवडक मुद्रणें २०२३ सालीं जगापुढें आलीं. मुंबई-पुण्याच्या घरांत बसून आज तीं आपणांस ऐकतां येतात, तीं संगणकाच्याच कृपेनें. सोंवळ्या पक्षाचें ऐकलें असतें तर त्या फिती कपाटांतच राहिल्या असत्या.

पण त्याच फिती एखाद्या इस्त्रीवाल्याच्या हातीं पडल्या असत्या तर? त्यांतील एखादी सळसळ फितीच्या वयाची आहे कीं वादकाच्या मनाची, हें पन्नास वर्षांनंतर कोणीं कोणास विचारावें? तो स्वर यंत्र तापल्यामुळें ढळला, कीं अभिजात संगीताचे संस्कार झालेल्या कानानें मींड म्हणून ढळविला? जेथें उत्तर मिळण्याची आशा नाहीं, तेथें हात आंखडता घेणें हाच संपादकाचा धर्म होय.

'संपादक' हा शब्द आम्ही जाणून योजला आहे. मुद्रण संगणकांत घेणारा माणूस न्हावी नव्हे कीं परीट नव्हे. तो पोथीचा संपादक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेण्यांत आली आणि १९६६ सालीं पुरी झाली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे १९२५ पासून १९४३ सालीं निधन होईपर्यंत तिचे प्रमुख संपादक होते. त्या कामाची शिस्त काय होती? हस्तलिखितांच्या आधारावांचून आपल्या पदरचा पाठ घुसडावयाचा नाहीं. जो पाठ वर घेतला नाहीं तोहि तळटीपेंत वाचकाच्या हवालीं करावयाचा. शंका असेल तेथें शंकेची खूण करावयाची. एखादा श्लोक वृत्तांत अडखळला म्हणून कोणा पंडितानें तो गुपचूप गुळगुळीत केला असता, तर आपण त्यास रसिक म्हटलें नसतें. अपहार करणारा म्हटलें असतें. ज्या संगीताची दुसरी पोथीच नाहीं, त्याच्या बाबतींत ही शिस्त शतपटीनें कडक हवी.

यावर कोणी म्हणेल कीं, वादक आपल्या मुद्रणाचा मालक आहे. तो त्यास इस्त्री करील नाहीं तर रंग देईल. खुशाल द्यावा. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मग त्यावर 'प्रत्यक्ष वादन' असें लिहूं नये. हे शब्द साक्षीचे आहेत. हें असें घडलें, या खोलींत, या क्रमानें घडलें, असें ते श्रोत्यास शपथेवर सांगतात. ताकाला जाऊन भांडें लपविणें हें गवळवाड्यांतहि शोभत नाहीं. कलेच्या दालनांत तर नाहींच नाहीं.

दुसरा कोणी म्हणेल कीं, श्रोत्यास फरक कळत नाहीं, मग एवढा गवगवा कशाला? कळत नाहीं, म्हणूनच. बाखच्या वादनांत एखादा चुकलेला स्वर संगणकानें दुरुस्त केला, तर ताडून पाहण्यास छापलेली स्वरलिपि आहे. दुसऱ्या दहा वादकांचीं मुद्रणें आहेत. येथें ताडून पाहण्यास जगांत कांहींच नाहीं. ज्या व्यवहारांत गिऱ्हाइकास माप तपासतां येत नाहीं, त्या व्यवहारांत दुकानदाराची सचोटी हेंच माप असतें. आणि आणखी एक परिणाम आहे. इस्त्री केलेलें मुद्रण 'प्रत्यक्ष' म्हणून वारंवार ऐकत गेलेला तरुण स्वतः यंत्रापुढें बसतो, तेव्हां त्याचें यंत्र ढळतें, अडखळतें, खरखरतें. आणि त्यास वाटतें कीं आपल्या हातांतच दोष आहे. जो गुण आहे त्यास दोष समजण्याचें शिक्षण एका पिढीस मिळावें, याहून मोठें नुकसान कोणतें?

मूळ प्रत जपणें जड जातें ही सबबहि आतां चालण्यासारखी नाहीं. दर सेकंदास ४४,१०० मोजमापें आणि प्रत्येक मोजमापास १६ बिट या हिशेबानें दोन मार्गांचें दोन तासांचें मुद्रण सुमारें सव्वा गिगाबाइटांत मावतें. तेवढी जागा आज खिशांतील फोनमध्येंहि सांपडते. उणीव जागेची नाहीं, आस्थेची आहे.

तेव्हां आमच्या मागण्या तीनच आहेत, आणि त्या कोणासहि पेलतील अशा आहेत. मूळ मुद्रण जसें उतरलें तसें, एकहि बटन न दाबतां, निराळें जपून ठेवावें. प्रसिद्ध केलेल्या मुद्रणावर काय केलें, म्हणजे किती कापलें, काय पुसलें, काय सरकविलें, हें वेष्टनावर दोन ओळींत लिहावें. आणि ज्यावर इस्त्री फिरली आहे त्यास 'प्रत्यक्ष' म्हणूं नये. एवढें केलें तर सोंवळ्या पक्षास मिरविण्याचें कारण उरणार नाहीं आणि सफाईच्या पक्षास लपविण्याचें. श्रोत्यानेंहि आपला वांटा उचलावा: मुद्रण घेतांना तें किती स्वच्छ आहे हें विचारण्यापूर्वीं तें कोणीं, कोठें, कसें स्वच्छ केलें हें विचारावें. कापडावरची सुरकुती काढावी. तळहातावरच्या रेषा काढावयाच्या नसतात.